दोष गुरूचा की बापांचा?

मंडळी, आज दुपारी वारूळवाडीत यात्रेच्या नाटकाची तालीम बघायला गेलो होतो. जुनी परदेशी शोकांतिका आहे. दोन वैरी घरांतल्या मुला-मुलीचं एक भला गुरू चोरून लग्न लावतो आणि शेवटी दोघंही जिवाला मुकतात.

गुरूचं काम करतात आमचे तात्या. गावातली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवलेली.

तालीम संपल्यावर ते म्हणाले, "गुरूचा काय दोस? मन साफ व्हतं त्याचं."

चहा घेऊन आलेल्या तात्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "मन साफ, पण दोन्ही बापांम्होरं जायाला भ्याला. तुमी पुतण्याला काय सांगितलंय? 'उद्या आळंदीला लगीन उरका, घरी मागनं सांगू', असंच ना?"

पुतण्याला आवडलेली मुलगी कळंबची. बैलगाडा शर्यतीच्या भांडणापासून त्या घराशी तात्यांचं बोलणंच बंद होतं.

तात्यांनी कप ठेवला आणि ते मला म्हणाले, "राव, गाडी काढा."

कळंबला तात्यांनी सगळं सांगितलं, तसे मुलीचे वडील आधी लई तापले. "चोरून लावणार व्हता?"

"व्हय. चुकत व्हतो, म्हणून आलोय."

तासाभराने त्यांनी चहा मागवला. "रविवारी सुपारी फोडायला या. पण शर्यतीचा इषय काढायचा नाय."

परतताना तात्या म्हणाले, "दोस गुरूचाच. पन नाटकात त्याचं काम मीच करणार. आता नीट जमंल."

तुम्ही कुणाला दोष द्याल?