पडवीतली चूल

हौसाच्या घरात चुली दोन होत्या आणि भांडण एकसुद्धा नव्हतं. आमच्या गडब गावात हे आजही कुणाला पटायचं नाही. आमच्याकडे चूल वेगळी होते ती सासू-सुनेचं वाजल्यावर, नाहीतर भावाभावांचं बिनसल्यावर. चूल वेगळी झाली की एका छपराखाली राहिलात तरी गाव तुम्हाला दोन घरं धरतं. हौसानं मात्र चूल वेगळी मांडली ती निव्वळ भीतीनं. मी इंदू, तिची शेजारीण. आमची भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

हौसाचा डावा पाय लहानपणीच तापात गेला. गुडघ्यावर हात दाबत, झुलत चालायची. पण बसून करायच्या कामात तिला तोड नव्हती. वाल सोलायचे असोत की भात पाखडायचं, लोक तिलाच बोलवायचे. नवरा गोविंदा गेला तेव्हा महिपती शाळेत होता. त्या दिवसांत ती लेकाच्या ताटात वाढायची आणि स्वतः म्हणायची, "माझं मघाशीच झालं." कसलं झालं नि कसलं काय! पेजेचं पाणी पिऊन निजायची बया.

मग पेणला खेपा घालून घालून निराधारचा पगार सुरू झाला. सरकार त्याला अनुदान म्हणतं, आम्ही पगारच म्हणतो. बँकेतून आली की हौसा नोटा डोळ्यांना लावायची. "ह्ये माझं हाय गो इंदू," म्हणायची, "कुणाच्या दारात हात पसरून आनलेलं नाय."

पोरगा मोठा झाला, डोलवीकडे एका कंपनीत ठेकेदाराकडे लागला. सून आली अष्टमी गावची, शकू, गुणाची पोर. घरात गॅस आला. मी म्हटलं, "हौसे, आता पाय पसरून बस." ती हसली. तिला हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

त्या साली हयातीचा दाखला द्यायला ती पेणला गेली. रांगेत पुढच्या बाईनं हिच्या कानावर घातलं, की घरात कमावता लेक असला तर त्याची कमाई आईच्या नावावर मोजतात. मर्यादेच्या वर गेली की पगार बंद, आणि आधी घेतलेलं सगळं परत. तिच्या गावात म्हणे एकीच्या दारात पोलीस उभे राहिले. खरं-खोटं देव जाणे! पण हौसा परत आली ती तोंडचं पाणी पळालेली. माझ्या ओट्यावर बसून तिनं हे सगळं मला सांगितलं.

महिपती म्हणाला, "आये, सोड ना तो पगार. मी हाय ना?"

"तू हायस रे," हौसा म्हणाली, "पन तुझी कंपनी हाय का? ठेकेदारानं उद्या नको म्हटलं तर? बंद झालेला पगार परत कोन चालू करील? मना परत ते दिवस नाय बघवायचे."

तिचं काही खोटं नव्हतं. महिपतीबरोबरची दोन पोरं त्याच महिन्यात घरी बसली होती.

हौसानं पडवीत तीन दगड मांडले. रेशनकार्ड वेगळं करून घेतलं. भांडी वाटताना तर तिनं कमालच केली. घरातल्या पितळेवर, स्टीलवर गोविंदाचं नाव घातलेलं, आपण घालतो तसं. तिनं त्यातलं एकही घेतलं नाही. "साहेबानं दोनी चुलींवर एकच नाव वाचलं तर?" मी कपाळावर हात मारला. "अगो, साहेब भांडी वाचायला येनार हाय का?" पण तिच्या डोक्यात शिरलं ते शिरलं. बाजारातून कोरी पातेली आणली, एक ताट, एक तवा. नवऱ्याचं नाव आत राहिलं आणि ही पडवीत.

सुरुवातीला सगळं नाटकच होतं. दिवसा पडवीत धूर, आणि दिवेलागणीला शकू मधल्या दारातून ताट सरकवायची. पण भीती माणसाला निवांत बसू देते का? रस्त्यावर मोटारसायकल थांबली की हौसा मान वळवून बघायची. ताट आत ढकलायची, तोंडातला घास तसाच गिळायची. पुढे पुढे तिनं ताट घेणंच सोडलं. त्या पायानं लाकडं गोळा करायची, फुंकणी फुंकून डोळे लाल करायची. आत गॅसवर शकू मटण शिजवायची आणि बाहेर ही मिठाशी भाकरी खायची. मला राग यायचा, खरंच सांगते. एकदा म्हटलंसुद्धा, "त्या पगारासाठी जीव घालवशील." ती म्हणाली, "हळू बोल गो."

भाताची मळणी झाली आणि काळुराम कोतवाल सांगून गेला, उद्या तलाठी साहेब चौकशीला येणार. रात्रभर हौसा निजली नसावी. पहाटेच पडवी सारवली. चुलीत एवढी लाकडं घातली की धुरानं मलाच खोकला लागला.

साहेब आले. तरणा, शांत माणूस, आवाज चढवणारा नव्हता. त्यानं पडवीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. चूल पाहिली नाही, भांडी पाहिली नाहीत. मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि विचारलं, "मावशी, मुलगा तुमचा सांभाळ करतो का?"

हौसानं पडवीकडे बोट केलं.

"साहेब, चूल वेगळी हाय," ती म्हणाली. "बघा ना, पेटलेली हाय."

"चुलीचं नाही विचारत. मुलगा खायला-प्यायला, औषधपाण्याला देतो का? करत असेल तर तसं सांगा, नसेल तर तसं. जे असेल ते लिहितो."

महिपती दारातच उभा होता, रात्रपाळी करून आलेला. आळीतली पाचपन्नास माणसं जमलेली. हौसानं त्याच्याकडे पाहिलं नाही. पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "नाय सांभाळत. इचारत पन नाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "काय जमाना आला!" साहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं, हौसाचा अंगठा घेतला. मग महिपतीकडे कागद धरला. "मुलगा ना तुम्ही? हे मान्य असेल तर खाली सही करा. आणि जरा लाज बाळगा."

महिपतीनं सही केली. पोरगं तसंच आत गेलं.

पगार राहिला. पण त्या दिवसापासून मधलं दार बंद झालं. मी महिपतीला झाडायला गेले, तर तोच घाबरलेला. "काकी, साहेबासमोर सही केलीय मी. आता आयच्या ताटात आमच्याकडलं दिसलं तर आमी दोघं खोटे. केस झाली तर? कंपनीच्या गेटपासला पोलिसाचा दाखला लागतो. ठेकेदार एक दिवस ठेवनार नाय." आईची भीती लेकानं वाटून घेतली होती. भांड्यांपेक्षा तीच नीट वाटली गेली.

थंडीत हौसाला ताप भरला. पडवीत धूर दिसत होता, म्हणून मला वाटलं, बाई उठून करतेय. संध्याकाळी गेले तर चुलीवर पातेलं आणि पातेल्यात नुसतं पाणी उकळत होतं.

"हे काय गो?"

"धूर दिसाया पायजे ना," ती म्हणाली. ओठ सुकून गेलेले. "पोटात दोन दिस काय नाय इंदू." मग माझा हात धरून, अगदी बारीक आवाजात विचारलं, "तुझ्या घरचं खाल्लं तर तेपन मोजतात का गो?"

मला रडू आवरेना. "नाय गो बाय, शेजारनीचं कोन मोजत नाय," म्हटलं आणि घरी जायला वळले. तर मधलं दार किलकिलं झालेलं. शकू उभी होती. हातात गरम पेजेची वाटी, डोळ्यांत पाणी, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची हिंमत नाही. तिच्या मागे अंधारात महिपती भिंतीला टेकून उभा होता.

मी ती वाटी घेतली. हौसाच्या डोक्याखाली हात घालून तिला उठवलं आणि म्हटलं, "घे. माझ्याच घरची हाय."

हौसानं वाटी हातात धरली. कडेला गोविंदाचं नाव होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं तिनं आयुष्यभर घासली होती. तिनं एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग त्या नावावर अंगठा ठेवून ते झाकलं आणि पेज प्याली.