फर्स्ट क्लास, साब

आमची चौकी बर्फात होती. उजाडायच्या आत स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात तयार उभं राहायचं, मग चहा, मग बंकरसमोरचा बर्फ ओढायचा आणि पेट्रोलला निघायचं. अधूनमधून खालून डॉक्टरसाहेब यायचे आणि विचारायचे, कुणाला काही त्रास? कुणी तोंड उघडायचं नाही. सिक रिपोर्ट करणारा तो कामचोर, हे रंगरूट असल्यापासून डोक्यात ठोकून बसवलेलं. बोटं काळी पडली तरी जवान म्हणणार, "ठीक हूँ साब." गावाकडं हे ऐकून लोक हसतात. हसू दे.

मी नाईक होतो. माझा बडी, म्हणजे पेट्रोलवरचा जोडीदार, लान्सनाईक महादू. सास्तूरचा. भूकंपात आईच्या कुशीत ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेलं पोर. पलटणीत धाराशिव जिल्ह्यातले आम्ही दोघंच, त्यामुळं आपल्या भाषेत भांडायला माणूस होता. लई बडबड्या.

त्या दिवशी पेट्रोलवर वरचा बर्फ सुटला. आधी आवाज आला, मग काही दिसेना. मी कमरेपर्यंत गाडला गेलो. एक धोंडा डाव्या खुब्यावर बसला. रेडिओ सेट माझ्याजवळ होता. चौकीला लावला. सेटवर चौकीचं नाव चार्ली.

"चार्ली, पेट्रोल बर्फ में. महादू नहीं दिख रहा. ओवर."

"घायल कितने? ओवर."

"महादू को ढूँढो. ओवर."

घायल किती म्हटल्यावर माझं स्वतःचं नाव मला सुचलंच नाही. दुपारी महादू सापडला. गेलेला होता. मला डॉक्टरसाहेबांनी विचारलं, तर मी ठीक आहे म्हणालो. माझ्या दुखापतीचा कागद झालाच नाही.

पुढची नोकरी गोळ्या खाऊन काढली. वडील अंथरुणाला खिळले म्हणून पेन्शनची वर्षं भरायच्या आत घरी आलो. येताना मेडिकल झालं, त्यात शेप-वन, म्हणजे पूर्ण फिट. ढोकीला कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत लागलो. तिथं उभं राहून राहून खुबा पार गेला आणि काम सुटलं. आता घर माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या शिलाई मशीनवर चालतं. अपंगत्वाची पेन्शन मिळाली तर दोन्ही पोरींची शाळा टिकणार, नाहीतर नाही. वकील परवडणारा नव्हता. अर्ज मीच लिहिला. फेटाळला. दुखापत नोकरीत झाली याला पुरावा नाही, म्हणे. मी अपील केलं, तेव्हा मेडिकल बोर्डानं तपासायला बोलावलं.

एसटीत सुनंदा सगळी वाट एकच सांगत होती. "आज तरी खरं बोला. दुखतंय म्हणा. लाज कसली त्यात?" मी व्हय व्हय म्हणत होतो.

आत तीन ऑफिसर बसलेले. काठी दाराबाहेर ठेवली, आत गेलो, सावधान झालो. खुब्यातून कळ मस्तकात गेली.

"सर्विस में इस कूल्हे की कोई तकलीफ थी?"

"नहीं साब. फर्स्ट क्लास."

तोंडातून गेलं. मग पेट्रोलचं सांगायला लागलो, तर साहेब शांतपणे म्हणाले, "अभी तो बोला, नहीं थी." त्यांचं तरी काय चुकलं? बाहेर आल्यावर सुनंदाला सांगितलं. तिनं दाराजवळची काठी उचलून माझ्या हातात दिली.

अपीलही गेलं. त्यानंतर मी खचलो, सरळ सांगतो. शेतातल्या विहिरीच्या कडंला जाऊन बसायचो. थोड्या वेळानं सुनंदा मागून यायची, हातात धुतलेलेच कपडे. परत धुवायला लागायची. मी उठेपर्यंत ती उठायची नाही.

महादू गेला त्या तारखेला मी दरवर्षी सास्तूरला जातो. यंदाही गेलो. त्याच्या आईला मी मावशी म्हणतो. तिनं विचारलं, कसा हायस बाळा?

"ठीक हाय, मावशी."

ती काठीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "माझा म्हादू बी फोनवर असंच म्हणायचा. त्येच्या शेवटच्या फोनात बी."

मला पुढं काही धरवेना. ओट्यावर बसलो आणि रडलो. "न्हाय मावशी. लई दुखतंय. त्या दिवसापसनं दुखतंय."

"म्हंजे तू बी गाडला गेलतास?" तिला हे ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं मी तिच्या घरी जेवून आलो आणि कधी सांगितलं नव्हतं.

आता दुसरं अपील टाकलंय. त्या दिवशी ज्यांनी मला बर्फातून ओढून काढलं, त्या दोघांना फोन लावले. ते लिहून द्यायला तयार आहेत. निकाल काय लागेल, सांगता येत नाही.

सास्तूरच्या शाळेसमोर महादूच्या नावाचा दगड आहे. दरवर्षी मी तिथं सावधान उभा राहतो. यंदा मावशीनं घरून खुर्ची आणली, दगडासमोर ठेवली आणि म्हणाली, बस. मी बसलो. बसूनच त्याला सॅल्यूट केला.