सुकवारोची सधौरी

कुसुम, पुलगाव स्टेशनावर गाडी येईपर्यंत तू माझ्या ट्रंकेवर बसून रडत होतीस. मी डब्यात चढल्यावर आईने खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं. लग्नाला तीन महिने झाले होते. तुझे भाऊजी आधीच भिलाईला कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क म्हणून लागले होते, आणि मी नागपूरला ड्रॉइंगचा कोर्स केला होता म्हणून मलाही तिथे ट्रेसरची टेंपररी जागा मिळाली होती. गाडी हलली तशी आई म्हणाली, “पयलं बाळंतपण माहेरीच. सातव्यात बाबा घ्याले येतीन तुले.” तेव्हा मला दिवसही राहिले नव्हते. आईने मात्र माझं परत येणं ठरवून टाकलं होतं.

तू येतेस तेव्हा भिलाईचे रुंद रस्ते आणि झाडं पाहतेस. त्या वर्षांत नुसता मुरूम होता. कुठल्याही रंगाची साडी नेसा, संध्याकाळी ती विटकरीच व्हायची. ड्रॉइंग ऑफिस पत्र्याच्या लांब शेडमध्ये होतं. ड्राफ्ट्समन पेन्सिलने नकाशे काढत. मी त्यांच्यावर निळसर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायची आणि प्रत्येक रेघ शाईने गिरवायची. बाई मी एकटीच.

चौथ्या महिन्यात उलट्या थांबल्या आणि अशी भूक लागायला लागली की अकरालाच डबा संपायचा. पाचव्यात पोट बोर्डाच्या कडेला टेकायला लागलं. एकदा नालीची लांब रेघ ओढत होते, तर आतून कुणी बोटाने टिचकी मारावी तसं झालं. हात हलला, शाई फुटली. आमचे हेड ड्राफ्ट्समन घोषबाबू उठून आले, काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, पेन बिघडलाय. इतक्या पुरुषांत दुसरं काय सांगणार? दुपारपर्यंत ब्लेडने तो डाग खरवडत बसले आणि एकटीच हसत होते.

ती टिचकी मी पहिल्यांदा सांगितली सुकवारोला. शेडच्या मागे पाया खणणं चाललं होतं, तिथे ती डोक्यावरून माती वाहायची. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या पायरीवर बसायची, ती समोरच्या सावलीत. त्या दिवशी तिने माझ्या पोटाकडे पाहून विचारलं, “कतेक महीना होगे, बाई?” मी पाच बोटं दाखवली. तिने पदर बाजूला केला. तिलाही पाचवाच.

ती पाण्यात भिजवलेला शिळा भात आणायची आणि सोबत अमारीची भाजी. मी एक घास तोंडात घातला आणि मला रडूच आलं. ती आपली अंबाडी होती गं, आई कण्यांसोबत करायची तीच. मग रोज आमचे डबे एकत्र उघडायला लागले. तिची छत्तीसगढी, माझी वऱ्हाडी, मध्ये दोघींची मोडकी हिंदी. पाठ दुखते, पाय सुजतात, रात्री कूस बदलता येत नाही, हे सांगायला तेवढी भाषा पुरायची.

सहाव्या महिन्यात घोषबाबूंनी नव्या क्वार्टरांची एक शीट दिली. तिच्याखाली दिसणाऱ्या जमिनीच्या जुन्या सर्व्हेत एक तलाव होता, एक विहीर, आणि बारीक बारीक चौकोनांची ओळ. ते जुनं शाईत घ्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. दुपारी मी सुकवारोला विचारलं, इथे कुठे तलाव होता का? तिने मुरमाच्या ढिगापलीकडे हात केला.

“उही मेर मोर मइके रिहिस,” ती म्हणाली.

तिथेच तिचं माहेर होतं. कारखान्यासाठी वस्ती उठली, आई-बाप लांब कुठल्याशा नातेवाइकांकडे गेले, आणि ती मजुरीला परत तिथेच आली. हे सांगताना ती रडली नाही. भाताचं पाणी पिऊन टाकलं आणि घमेलं उचलायला गेली.

मी आत जाऊन ती शीट पुरी केली. तलाव घेतला नाही, विहीर घेतली नाही. घेतली असती तरी मलाच ती खरवडावी लागली असती, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलंय.

त्याच आठवड्यात आईचं पत्र आलं, बाबा तुला घ्यायला निघून राहिले म्हणून. मी माहेरी गेले असते तर निदान पाच महिने मोडले असते, आणि माझ्या स्टुलावर दुसरं कुणी बसलं असतं. मी कळवलं, येत नाही, इथंच होऊ दे. आईचं उत्तर एका ओळीचं होतं. अक्षर तुझंच होतं, तुला आठवत असेल: “तिकडं तुयं कोन हाय?”

ते पत्र मी ट्रंकेत ठेवलं आणि कामावर गेले.

सुकवारोकडे सातव्यात सधौरी करतात, आपल्या डोहाळजेवणासारखी. माहेराहून सात तऱ्हेचं खाणं यावं लागतं. तिच्याकडे ते कुठून येणार होतं? सातवा लागला तशी मी एक दिवस पहाटे उठून पुऱ्या, खीर, करंज्या, भजी आणि तिळाचे लाडू केले. पुढचं काही सुचेना, म्हणून लोणचं आणि गुळाचा खडा ठेवून सात पुरे केले. ह्यांनी विचारलं, एवढं कोणासाठी? मी म्हटलं, बहिणीसाठी.

मागच्या पायरीवर तिला बसवून कुंकू लावलं. तिने डब्यातले पदार्थ बोटाने मोजले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पहिला घास मलाच भरवला. “तोर मइके घलो दूरिहा हे,” ती म्हणाली. तुझंही माहेर लांबच आहे. तेव्हा मात्र दोघींनाही आवरलं नाही.

थोड्याच दिवसांत तिची टोळी दुसऱ्या कामावर गेली. ती पुन्हा दिसली नाही. तिला काय झालं, मुलगा की मुलगी, मला कळलं नाही. मी आसपासच्या गावांत, रिसालीकडे, रुआबांध्याकडे कितीदा विचारलं. पण सुकवारो नावाच्या बाया तिकडे घरोघरी.

माझी सुधा भिलाईतच झाली. बारशाला आई आली, तू तिच्यासोबत होतीस. दुर्ग स्टेशनावर उतरल्याबरोबर ती म्हणाली, “इतका फुफाटा कावून हाय इथं?” आणि नात मांडीवर घेईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पुढे सुधा पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला आली, तेव्हा अंगणात पाय पसरून म्हणाली, “माहेरी कसं निवांत वाटून राहिलं, आई.” भिलाई तिचं माहेर. तिला ते किती सहज म्हणता येतं. मला माहेर म्हटलं की पुलगाव आठवतं, आणि त्याच्या मागोमाग, कुसुम, एक वस्ती आठवते. ती मी कधी पाहिली नाही. तिच्या जागेवरच्या नव्या घरांच्या रेघा मात्र मीच ओढल्या.