आईला परत पाठवलं

सूर्यभाननं पुंडलिकनगरात एक खोली अन् स्वयंपाकघर एवढा फ्लॅट घेतला, तेव्हा पोरी लहान होत्या. आता थोरली बारावीत होती, धाकटी नववीत. त्यात गुडघ्याच्या उपचारासाठी सोयगावहून आई आली, दगडाबाई. थोरली आता स्वयंपाकघरात फ्रीजला टेकून अभ्यास करायची.

फ्लॅट विकून मोठं घर बघावं म्हणून सूर्यभाननं दलालाला बोलावलं. इमारतीत नळाला पाणी येत नव्हतं, सगळं टँकरवर चालायचं. दलालानं अकरा लाख सांगितले. बँकेचे अजून चौदा बाकी होते. म्हणजे घर विकूनही तीन लाख खिशातून भरायचे. दगडाबाई शेजारीच बसली होती, पण तिला ऐकू कमी येतं, असं त्यानं धरलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला गावाकडं सोड. इथं करमत नाय."

उपचार अर्धेच झाले होते. तरी सूर्यभाननं तिला अडवलं नाही. एसटीत बसवताना त्याला हायसं वाटलं, अन् लगेच स्वतःची इतकी लाज वाटली, की खिडकीतल्या आईकडं बघवेना.

महिनाभर त्यानं कसाबसा काढला. मग एका रविवारी तो सोयगावला गेला अन् म्हणाला, "आई, घर विकलं तरी कर्ज फिटत नाय. म्हणून मी तुला थांब म्हणलो नाय."

"दलाल बोलला तवाच ऐकलं मी," दगडाबाई म्हणाली. "पर तू एकदा तरी थांब म्हणायचं होतं. म्हणला असतास तरी मी राहिले नसतेच."