कापलेली वेणी

पहाटेपासून उत्तरेचा वारा सुटला होता, साबणाच्या कढईखालचा जाळ एका जागी ठरेना. केटुरा प्रुइट डुकराची चरबी आणि राखेचं खारं पाणी लाकडी वल्ह्याने ढवळत उभी होती. टेनेसीहून बैलगाडीतून ब्राझोस नदीकाठी आली तेव्हा नवरा एमोस होता, नऊ वर्षांची लेक लेटी होती. अकरा वर्षांमागे तिथल्या मूळच्या कोमांची टोळीची धाड आली आणि एका सकाळी घर रिकामं झालं. एमोसला तिने स्वतःच्या हातांनी मक्याच्या शेताकडेला पुरलं. लेटीला घोड्यावर टाकून नेलं होतं. शेजारी उठून गेले; ही हलली नाही. "पोरगी आली तर घर कुठं शोधील?" म्हणायची, आणि जवळच्या किल्ल्यावरच्या शिपायांना साबण विकून दिवस काढायची.

काल लेटी आली. टोबायस क्रेन हा एमोसचा जुना दोस्त, कोमांचींशी व्यापार करणारा. घोडी आणि घोंगड्या देऊन त्याने तिला सोडवलं. अंगात हरणाच्या कातड्याचा झगा, तोंडात आईच्या भाषेचा एक शब्द नाही. तिचं दीड वर्षाचं पोर तिकडेच राहिलं होतं.

"वहिनी, नजर ठेव," टोबायस म्हणाला होता. "पळाली तर पुन्हा हाती लागायची नाही."

आता तो ओढ्यावर खेचरांना पाणी पाजत होता. केटुराने लेटीला कढईशेजारी बसवलं. केसांत उवाच उवा.

"काय गं हे, घरटं बांधलंय का कुणी? थांब, कापून चांगली न्हाऊ घालते." मेंढ्यांची कातर घेऊन तिने एक वेणी कानाखालून उडवली.

लेटीने वेणी उचलून पाहिली. मग तिच्या नरड्यातून असा आवाज फुटला की कोंबड्या कुंपणापार उडाल्या. आईच्या कमरेचा सुरा हिसकून तिने स्वतःच्या दंडावर ओढला. एकदा, दोनदा.

"अगं सोड! टोबायस, धाव रे!" केटुराने मनगट धरलं. दोघी चिखलात आडव्या झाल्या.

टोबायस धापा टाकत आला. "काय केलंस हे, वहिनी! माणूस मेलं की ते लोक केस कापतात, अंग चिरतात. तिला वाटलं, पोर गेलं!"

"मग सांग की तिला! उभा काय राहिलास खांबासारखा?"

तो त्यांच्या बोलीत भराभर बोलला. लेटीचा हात थांबला, सुरा सुटला नाही. तिने दोनच शब्द विचारले.

"विचारतेय, मग मेलं कोण? चूक झाली म्हणून सांगू?"

केटुराने तोंडावरचा चिखल पुसला. "नको. बाप म्हणावं. तिच्यामागं धावला होता, त्याच सकाळी. तिला कुठलं ठाऊक असणार?"

टोबायसने सांगितलं. लेटीने आईकडे पाहिलं. मग सुरा ठेवून तिने कातर उचलली आणि दुसरी वेणी आपल्या हाताने कापली. केटुराने मक्याच्या शेताकडे बोट दाखवलं. दोन्ही वेण्या घेऊन लेटी निघाली. वाटेत ओढा होता, काठाला खेचरं मोकळीच होती.

टोबायस पुढे झाला. केटुराने त्याची बाही धरली. "थांब."

लेटी खेचरांजवळ पोचली. थबकली. एकाच्या मानेवर हात ठेवला. केटुराने टोबायसची बाही सोडली नाही. मग हात निघाला, आणि लेटी एमोसच्या थडग्यावरच्या दगडापाशी जाऊन बसली, खेचरांकडे पाठ करून.

"कढई उतू चालली, वहिनी."

"दिसतंय मला." केटुराने वल्हं उचललं आणि ढवळायला लागली.