व्याह्यांनी घासलेली फळी

जुनं लाकूड आणि आमचे व्याही एका छपराखाली सुखानं राहू शकत नाहीत. दोघांपैकी एकाला बदलावं लागतं, आणि व्याही काही बदलायचे नाहीत. अमडापुरात आणि आजूबाजूच्या पाच-सात गावांत असं एकही टेबल, खुर्ची, पाळणा की पाट उरला नसेल, ज्याला त्यांनी पॉलिश पेपरनं सोलून, रंगवून, चकचकीत करून मालकाच्या ओळखीबाहेर नेऊन ठेवलं नाही. माझी उभी हयात पोस्टात गेली. ज्याची वस्तू त्याच्या हातात पडली पाहिजे, एवढं एकच तत्त्व मला कळतं. आणि नशीब बघा, सोयरीक जुळली ती अशा माणसाशी, की त्याच्या हातून परत आलेली वस्तू ज्याची त्याला ओळखू येत नाही!

व्याही जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. पस्तीस वर्षं त्यांनी बैलांच्या खांद्यांना मलम लावलं, म्हशींची खुरं साफ केली. रिटायर झाल्यावर समोर जनावरं यायची बंद झाली, तेव्हा चार पायांचं जे दिसेल ते त्यांनी धरलं. टेबल आलं की आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवतात, मग पोटाखाली टिचक्या मारून कान लावतात, शेवटी खण ओढून जबडा तपासावा तसं आत बघतात. दवाखान्यातले जुने छापील केसपेपर त्यांच्याकडे गठ्ठ्यानं आहेत, ते भरल्याशिवाय कोणतीच वस्तू दाखल होत नाही. एक मी स्वतः वाचलाय. ‘खुर्ची. वय अंदाजे चाळीस. मागच्या डाव्या पायानं लंगडते. भूक नाही.’ मी म्हटलं, अहो, खुर्चीला भूक कशी असेल? तर म्हणाले, “इवाई, छापील फार्म हाये. रकाना रिकामा ठेवता येत नाही.” आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. त्याच फार्मवर जातीचाही रकाना आहे, गावरान की गीर ते लिहायला. तो मात्र त्यांनी सगळ्या कागदांवर आडवी रेघ मारून बाद केलाय. लाकूड सागाचं की आंब्याचं, असं कोणी विचारलं की ते उखडतात. “जात काऊन पाह्यता इवाई? घासलं की सगळे सारखेच निंगतात.” आम्ही दोघंही जयभीमवाले, यावर मी काय बोलणार? कपाट कोणत्या लाकडाचं आहे हे माहीत असायला तशी हरकत नसावी, पण त्यांच्यापुढे हे म्हणायची सोय राहिलेली नाही.

बाजारात मिळणारे रंगाचे डबे त्यांना पसंत नाहीत. कात उकळून, चहाचा कोळ आटवून, गंजके खिळे सिरक्यात आठ-आठ दिवस बुडवून ते आपले रंग आपण करतात आणि औषधाच्या जुन्या बाटल्यांत भरून त्यांना नावं देतात. ‘तुरीचं वरण’, ‘कमी दुधाचा चहा’, ‘भुरी म्हैस, पावसात भिजलेली’. ही सगळी आटवाआटवी विहीणबाईंच्या गॅसवर चालते. त्यामुळे त्या घरात पाहुण्याच्या हातात कप देताना विहीणबाई नेहमी सांगतात, “पह्यले वास घ्या, मंग प्या.” नवखा माणूस गोंधळतो, पण त्यांचा नाइलाज आहे.

आमची सोयरीक झाली तीही रंगामुळेच. बोलणीसाठी मी पहिल्यांदा अमडापूरला गेलो, तेव्हा त्यांनी मोठ्या मानानं मला एका चमकत्या खुर्चीत बसवलं. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की मी खुर्चीला चिकटलोय. व्हार्निश वाळलेलं नव्हतं. आता मुलीचा बाप, पहिल्यांदाच त्या दारात गेलेला, “तुमच्या खुर्चीनं माझी पँट धरली” हे कोणत्या तोंडानं सांगणार? चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला. माझा मेहुणा दोनदा म्हणाला, चला निघू, घरी जाऊन विचार करून कळवू. मला उठताच येत नव्हतं. बसलोच आहे तर काहीतरी बोलावं, म्हणून मी लग्नाचा महिना ठरवून मोकळा झालो. पोरगी अजूनही विचारते, “बाबा, त्या दिवशी तुमाले असं काय आवडलं होतं त्यांच्यात?” मी म्हणतो, त्यांनी उठूच दिलं नाही.

कपाटांचा घोळ तर मला आजवर उलगडलेला नाही. एकाच आठवड्यात दोघा शेतकऱ्यांनी आपापली जुनी कपाटं आणून टाकली. व्याह्यांनी एक पूर्ण केलं, दुसऱ्याला फक्त रंग लावला. पहिला मालक न्यायला आला आणि म्हणाला, “हे माहं नाही.” व्याही म्हणाले, “तुमचंच हाये.” तो म्हणाला, “माह्या कपाटाचं दार करकरते.” “अहो, तेच तं बरं केलं!” पण तो कशाला ऐकतोय? शेजारचं करकरणारं कपाट टेम्पोत घालून गेला. दुसऱ्याच्या वाट्याला उरलेलं आलं, तोही हसत घेऊन गेला. दोघंही खूश. मी मात्र चार दिवस अस्वस्थ. पोस्टात असं झालं असतं तर चौकशी लागली असती! न राहवून मी व्याह्यांना विचारलं, की नेमकं कोणतं कपाट कोणाचं होतं. त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, “आता मलेबी नाही सांगता येत.”

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण माझ्या पलंगाचं झालं ते वेगळं.

माझी बायको जाऊन आता तीन वर्षं होतील. तिच्या साड्या बहिणींनी नेल्या. भिंतीवरचा फोटो स्टुडिओवाल्यानं इतका गोरापान केलाय, की मी त्याच्याशी बोलायलाही बिचकतो. तिचं म्हणून घरात एकच काही उरलं होतं. लग्नात तिच्या वडिलांनी आंदण दिलेल्या पलंगाच्या उशाकडच्या फळीवर तेलाचा एक डाग. दुपारची कामं आटोपली की ती डोक्याला घरीच केलेलं जास्वंदीचं तेल चोपडायची आणि त्या फळीला टेकून तुरीच्या शेंगा सोलायची, पेपर वाचायची, मला बोल लावायची. तीस वर्षं डोकं एकाच जागी टेकून तिथं तळहाताएवढा काळपट गोल उमटला होता. ती होती तेव्हा त्या डागावरून मी काय कमी कटकट केली? चांगली फळी नासवली, पाहुणे काय म्हणतील, सगळं बोलून झालं. ती गेली आणि मीच त्या डागाला आपली पाठ लागू नये म्हणून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला टेकायला लागलो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

गेल्या उन्हाळ्यात पलंगाच्या एका पायाला उधई, म्हणजे वाळवी, लागली. मुलगी आमच्याकडे धामणगाव बढ्याला आलेली होती. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. म्हणाली, “बाबा, मामाजीकडे देऊन टाका. दोन दिवसांत पाय बसवून देतीन.” टेम्पो आला, पलंग गेला. संध्याकाळी व्याह्यांचा फोन. “इवाई, पेशंट पोचला. काय काय करायचं ते सांगा.” माझ्या अगदी ओठावर होतं, की पाय तेवढा बदला, फळीला हात लावू नका. पण व्याह्याला असा हुकूम कसा सोडायचा? आमच्याकडे मुलीचा बाप व्याह्यापुढे जे बोलतो, तेच माझ्या तोंडून निघालं. “तुमच्या मनाले येईन तसं करा. तुमच्यापुढं आमी काय सांगाव?” यावर समोरच्यानं “नाही नाही, तुमीच सांगा” असा आग्रह करायचा असतो, दोनदा तरी करायचा असतो, आणि मग आपण आवाज खाली घेऊन खरं काय ते सांगायचं, अशी रीत आहे. सगळा जिल्हा ती पाळतो. व्याही म्हणाले, “बरं,” आणि फोन ठेवून दिला.

पुढचे तीन दिवस मी फोन हातात घेऊन बसलो. एकदा लावला आणि त्यांच्याकडच्या उन्हाची चौकशी केली. पुन्हा लावला आणि विहीणबाईंच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. शेवटी परत गेलेल्या मुलीला फोन करून सांगितलं, की तू सांग. ती म्हणाली, “मी कशी सांगू मामाजीले? अन् काय सांगू, डाग काढू नका म्हणून? हसतीन ते!” चौथ्या दिवशी मी बुलढाणा, चिखली अशा एसट्या बदलत थेट अमडापूर गाठलं.

फळी ओसरीत भिंतीला टेकून उभी होती. कोरी. डाग नाही, चरा नाही, काही नाही. व्याही पॉलिश पेपर खिशात घालत पुढे आले, आनंदानं नुसते फुलले होते. “इवाई, लय मळ होता! तीन दिवस घासली, तवा कुठं लाकूड दिसलं.”

“फार छान झालं,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? मग उगाचच फळीवर हात ठेवला, आणि तो उचलायचं मला सुचलंच नाही. विहीणबाईंनी कप दिला, तो मी वास न घेताच तोंडाला लावला. अर्धा संपल्यावर त्या ओरडल्या तेव्हा कळलं, की मी खुर्चीचा रंग पितोय. व्याही माझ्याकडे टक लावून बघत होते. न बोलणाऱ्या पेशंटांचं दुखणं ओळखण्यात त्या माणसाचा जन्म गेला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. स्टँडवर सोडायला आले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “इवाई, कुठं दुखते?”

“कुठं नाही. एसटीत पाठ अवघडली,” मी म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.

पाय बसवायला दोन दिवस लागणार होते, पलंग यायला अडीच महिने लागले. मी खाली गादी टाकून झोपत होतो आणि विचारायची हिंमत करत नव्हतो. एका सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. सोबत मुलगी, आणि व्याही स्वतः. नेहमी आपल्या कामाचं तासभर कौतुक सांगणारा हा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. पलंग आत आला, जोडला, उशाकडची फळी बसवली. फळीवर डाग होता.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. डाग होताच. कोरी फळी मी या हातानं चाचपली होती, मग हा आला कुठून? का मी तेव्हा दुसऱ्याच कोणाची फळी पाहिली? कपाटांसारखा पलंगाचाही घोळ झाला की काय? मी वाकून वास घेतला. जास्वंदीच्या तेलाचा वास. व्याह्यांकडे पाहिलं तर ते छताकडे बघत होते.

“चूक झाली इवाई,” ते म्हणाले. “तुमी गेल्यावर सूनबाईनं सांगतलं मले. मंग मी डाग कराले बसलो. कात लावला, चहा लावला, खिळ्याचं पानी लावलं. अकरा डाग केले अन् अकराबी घासून काहाडले. रंग बरोबर जुळे, पण पाह्यलं की रंगच दिसे. मले नाही जमलं.”

“मग हा?” मी विचारलं.

मुलगीच म्हणाली, “मंग मामाजीनं मले इचारलं, तुह्या मायचं तेल तुले कराले येते का? रोज दुपारी डोक्याले तेल लावून मले फळीले टेकून बसवत. हलू नको म्हनत. अन् मी कंटाळू नये म्हणून सोता समोर बसून पेपर वाचून दाखवत. दोन महिने, बाबा!”

अशा वेळी माझ्या तोंडून हमखास रीतीचंच काहीतरी निघतं. “कशाला एवढा त्रास घेतला?” मी म्हणालो. यावर “त्रास कसला” असं म्हणायचं असतं.

“लय त्रास झाला,” व्याही म्हणाले. आणि मला हसू आलं, आणि हसता हसता दुसरंही काही आलं, ते मी पंच्यानं पुसलं. त्यांनीही खिशात हात घालून तोंड पुसायला जे काढलं, तो पॉलिश पेपर निघाला.

या गोष्टीला चार महिने झाले. व्याह्यांवर चिडावं की त्यांचे पाय धरावेत, माझं अजून ठरत नाही. तिचा डाग त्यांनीच घालवला, तो काही परत आलेला नाही. आणि हा परका आहे असंही माझ्यानं म्हणवत नाही. दुपारी मी पलंगाच्या माझ्या टोकाला टेकतो आणि त्या गोलाकडे बघत बसतो. जुना डाग कुठं होता ते मला डोळे मिटूनही दाखवता येईल. हा दोन बोटं वर आहे. पोरगी आईपेक्षा उंच निघाली, आणि तिचा बाप असून इतक्या वर्षांत मला ते कळलं नव्हतं.