दुसऱ्यांदा विचारायचं

आमची थोरली वहिनी शाळेत शिकवायची, पण ती शिक्षिका नव्हती. म्हणजे पोरं तिला बाई म्हणायची, पोरांचे आईबाप बाई म्हणायचे, मोठे गुरुजीसुद्धा बाईच म्हणायचे. फक्त सरकारदरबारी ती कोणी नव्हती. कोणी तरी आजारी पडलं, बदलीला माणूस मिळेना, म्हणून तिला चार दिवसांसाठी बोलावलं होतं. ते चार दिवस काही संपलेच नाहीत. एका खोलीत दोन वर्ग, एका भिंतीकडे तोंड करून पाढे, दुसऱ्या भिंतीकडे वाचन, अन् मधे वहिनी, मळणीच्या खांबासारखी.

मग हुकूम निघाला. परवाना नसलेल्या माणसानं वर्गात उभं राहायचं नाही. परवाना विद्यापीठ देणार. त्यासाठी तिथला शिक्षणक्रम पुरा करायचा अन् शेवटी परीक्षकांसमोर एक पाठ घेऊन दाखवायचा. मोठ्या गुरुजींनी वहिनीला खोलीत बोलावलं.

“बाई, नवं सत्र सुरू होईपर्यंत तुमची जागा मी कशीबशी धरून ठेवतो. त्यापुढं माझ्या हातात नाही.”

“बरं,” वहिनी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्याच सुमाराला आमची आई न्हाणीघरात घसरली अन् खुब्याचं हाड मोडून घेऊन बसली. दादा फरशीच्या कारखान्यात, मी दिवसभर दुकानात. म्हणजे आईची आंघोळ, कूस बदलणं, सगळं वहिनीवर. सकाळी ते उरकायचं, मग शाळा, मग शाळेतून थेट विद्यापीठ. ती इमारत टेकाडावर. लिफ्ट होती, पण ती प्राध्यापकांसाठी. वहिनी कठडा धरून वर चढायची अन् वर्गात जाऊन भिंतीकडच्या बाकावर बसायची. बालमानसशास्त्राच्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या तिनं तिथंच कमावली. परवान्याआधी तेवढीच पदरात पडली.

बाकीचे शिकाऊ सगळे पोरसवदा. तिला काकू म्हणायचे. तास सुटला की ते खाली चहाच्या टपरीवर जमायचे. खरं विद्यापीठ तिथंच भरायचं. कोणाचा पाठ कधी, कोणता परीक्षक तिखट, फळ्यावर काय लिहिलं की खूश होतात, सगळं तिथं ठरायचं.

“काकू, बसा की घोटभर चहाला.”

“नको गं, सासूबाई अंथरुणात आहेत,” म्हणत वहिनी बसकडे पळायची.

पाठ घ्यायचे ते विद्यापीठाला लागून असलेल्या शाळेत, चौथीच्या वर्गावर. ती पोरं म्हणजे शिकाऊ न्हाव्याच्या हाती दिलेली डोकी. जो येईल तो त्यांच्यावर हात साफ करून जायचा. त्यात ‘सावली कशी पडते’ हा धडा सगळ्यांच्या आवडीचा, कारण त्याचा दिवा अन् पुठ्ठ्याची चित्रं आधीच्या कोणी तरी करून ठेवलेली होती. इतक्या जणांनी तो धडा शिकवला होता की सावली म्हटलं तरी पोरांना झीट यायची. वहिनीच्या वाट्यालाही सावलीच आली.

परीक्षेच्या दिवशी मी तिला स्कूटरवरून सोडायला गेलो. वर्गाबाहेर व्हरांड्यात खिडकीशी बसलो. परीक्षक बाई सगळ्यात मागच्या बाकावर बसल्या होत्या. उंच, वाळकुड्या, गळ्यात चष्म्याची साखळी. वहिनीनं खडू हातात घेतला. आदल्या रात्री आईला ताप होता, त्या जागरणानं वहिनीचा चेहरा पाट्यावर वाटल्यासारखा झाला होता. पण आवाज नेहमीचा, शांत.

“मुलांनो, दिवसा आपल्याला उजेड कुठून मिळतो?”

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “माहीत नाही, बाई.”

वहिनीनं टेबलावरच्या टाचणाकडं, म्हणजे पाठाच्या आखणीकडं, बघितलं. मी बाहेर गार पडलो. चौथीतली पोरं अन् सूर्य माहीत नाही!

आता वहिनीचा एक स्वभाव सांगायला हवा. पोराला येत नसलं तर तोच प्रश्न ती पुन्हा विचारायची नाही. म्हणायची, “त्याला येत नाही हे त्यानं एकदा सांगितलं. पुन्हा विचारून त्याला चारचौघांत कशाला उघडं पाडायचं? आपण दाखवावं.” शाळेत ती तसंच करायची. इथंही तिनं तसंच केलं. टाचणातला पुढचा प्रश्न सोडला अन् पलीकडच्या, उन्हाच्या खिडकीजवळ गेली.

“बरं. इकडं या. हे वर काय दिसतंय?”

“माहीत नाही, बाई.”

“डोळे मिटून बघा. आता काय दिसतं?”

“माहीत नाही, बाई.”

तिनं आपला पंजा उन्हात धरला. भिंतीवर काळा पंजा उमटला. “हा कोणाचा हात?”

“माहीत नाही, बाई.”

मागच्या बाकावर परीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. वहिनीच्या कपाळावर घाम. तरी तिनं एका पोरीला उन्हात उभं केलं, दुसऱ्याला तिच्या मागं, ती खिडकी लोटून अंधार केला, उघडून उजेड केला. पार मुळापासून शिकवलं. पुठ्ठ्याची चित्रं पिशवीतून निघालीच नाहीत, दिवा पेटलाच नाही, फळा कोरा. घंटा झाली तेव्हा ती ‘उजेड अडला की सावली’ इथवर कशीबशी पोचली होती.

परीक्षक बाई उठल्या. “पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. वर्गाचा प्रतिसाद नाही. पुन्हा घ्यावा लागेल. अन् ती शेवटची संधी असेल.”

त्या गेल्या. वहिनी पोरांच्या बाकावर टेकली. दोन वेण्या घातलेली एक पोरगी जवळ आली.

“बाई, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाही.”

“म्हणजे?”

“पहिल्यांदा विचारलं की माहीत नाही म्हणायचं. नाही तर मागं बसणाऱ्या मोठ्या बाईंना कळतं, आम्हाला आधीच शिकवलंय. दुसऱ्यांदा विचारलं की उत्तर द्यायचं. शिकवायला येणाऱ्या सगळ्या ताई अन् दादांनी असंच ठरवलंय. आम्ही किती वाट बघत होतो!”

“तुला सूर्य माहीत आहे?”

“असं काय करता बाई!” पोरगी खुदकन हसली.

खाली टपरीवर वहिनीनं हे सांगितलं तशी सगळी शिकाऊ मंडळी कावरीबावरी झाली. “अहो, आम्हाला वाटलं, काकूंना कोणी तरी सांगितलं असेल!” ज्यानं त्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. वहिनी कोणावर चिडली नाही. चिडायलाही अंगात जीव लागतो.

स्कूटरवर ती मागून म्हणाली, “भावजी, मी त्यांना सूर्य शिकवला हो. वेड्यासारखी.”

मला हसू आलं. तिलाही आलं असावं, पण हसणं अर्ध्यातच राहिलं.

घरी दादा म्हणाला, “मग आता विचार की दुसऱ्यांदा. त्यात काय जातंय?”

“काही जात नाही,” वहिनी म्हणाली अन् आईची कूस बदलायला गेली.

दुसऱ्या पाठाला त्याच परीक्षक बाई, तोच बाक. मी पुन्हा व्हरांड्यात.

“दिवसा आपल्याला उजेड कुठून मिळतो?”

“माहीत नाही, बाई.”

वहिनीनं एकदा उन्हाच्या खिडकीकडं बघितलं अन् नको असलेलं औषध घ्यावं तसा तोच प्रश्न पुन्हा घेतला.

“दिवसा आपल्याला उजेड कुठून मिळतो?”

“सूर्यापासून!” खिडकीच्या काचा थरथरल्या. दोन वेण्यांची पोरगी तर बाकावरून उठूनच ओरडली. त्यानंतर पाठ उताराला लागलेल्या गाडीसारखा गेला. चित्रं निघाली, दिवा पेटला, फळा भरला. परीक्षक बाई जाताना म्हणाल्या, “सुधारणा चांगली आहे.”

परवाना आला. नवं सत्र सुरू झालं अन् वहिनी आपल्या खोलीत, आपल्या दोन भिंतींच्या मधे परत उभी राहिली. मोठ्या गुरुजींनी हजेरीवर तिचं नाव या वेळी पक्क्या शाईनं लिहिलं.

त्याच आठवड्यात एके संध्याकाळी ती पायरीवर पाय पसरून बसली होती. पोटऱ्या चोळत होती. मी विचारलं, “काय वहिनी, आता पक्क्या बाई झालात. कसं वाटतंय?”

तिनं पाय जवळ ओढून घेतले.

“तो नवा पोरगा आहे ना, विहीर खणणाऱ्याचा, त्याला आज विचारलं, सावली कशानं पडते. तो म्हणाला, माहीत नाही. अन् मी परत विचारलं.”

“मग?”

“मग काय. आमची पोरं काही तिकडची पढवून ठेवलेली पोरं नव्हेत. त्याचे कान लाल झाले. म्हणाला, ‘बाई, सांगितलं ना.’ सगळा वर्ग हसला.”

आतून आईनं हाक मारली. वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठली.

“उद्या त्याला खिडकीशी बसवून दाखवते,” ती म्हणाली अन् आत गेली.